योगीराजचे दाखले

ईट, ता. भूम
९ जानेवारी २०२५

प्रीती,

नावाआधी काय लिहावं ते सुचेना. आधी सौ. लिहीत होते. आता ते लिहिता येत नाही आणि दुसरं काही लिहायला हात धजत नाही. म्हणून नुसतं प्रीती.

धम्मपाल परवा तेरहून आला होता. ओट्यावर बसला, चहा घेतला, ह्यांची चौकशी केली, तुरीचं काय झालं ते विचारलं, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "बाई, ताईनं एक निरोप दिलाय. फोनवर सांगू नको म्हणली, समक्ष जाऊन सांग म्हणली." तुझा भाऊ गुणी आहे. निरोप सांगताना त्याला थंडीत घाम फुटला होता. योगीराजचा तो संशोधनाचा पेपर, आपल्या गावच्या लोकांच्या रक्तावरचा, तो तुला मागं घ्यायचा आहे. त्यात चूक निघाली आहे. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही त्यानं तेच सांगितलं.

मोबाईलवर टाइप करताना माझं म्हणणं आखडतं आणि बोलायला लागले तर आवाज जातो. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. अक्षर लागलं नाही तर विचार.

योगीराज गेला त्याला येत्या मे महिन्यात चार वर्षं होतील. त्यानंतर वर्षभरात तू स्वीडनला गेलीस. पहिल्यांदा आठवड्याला फोन होता, मग महिन्याला, मग दिवाळीला एक फोटो यायला लागला. त्यात खिडकीत लावलेला दिवा होता, तू नव्हतीस. मी काही म्हटलं नाही. तरणी आहेस, शिकलेली आहेस, आमच्या दारात बसून काय करणार होतीस. पण एवढ्या दिवसांनी निरोप आला तो हा. माझा मुलगा चुकला होता.

तुला माझी परवानगी लागत नाही, हे धम्मपालनं नीट समजावलं. पेपरवर योगीराजनंतर तुझं नाव आहे, तुमच्या सरांचं आहे, तुम्ही दोघं मिळून तो काढून घेऊ शकता. तरी तू विचारलंस. म्हणून सांगते. माझं उत्तर नाही असं आहे.

तुझ्या मामांचं, ह्यांचं, तुला सांगते. योगीराजनं एकदा सुट्टीत त्यांच्या मोबाईलवर त्याच्या पेपरांचं इंटरनेटवरचं पान लावून दिलं होतं. "अण्णा, जगात कुठं कुणी या विषयावर काही लिहिलं, आणि माझा पेपर वाचून लिहिलं, की हा आकडा एकानं वाढतो." हे म्हणाले, "म्हंजी त्यानं तुझा दाखला दिला." तेव्हापासून आमच्या घरात त्याला दाखलेच म्हणतात. योगीराज गेला तेव्हा ते दोनशेच्या आसपास होते. ह्यांना वाटलं, आता संपलं. भट्टीवर जायचं सोडलं होतं, खव्याची कढई कामावरच्या बलभीमच्या हाती दिली होती. मग एका सकाळी अंगणातून ओरडत आले, "अगं, हे बघ की, वाढलाय! पोरगं थांबलं न्हाय अजून."

त्या दिवशी ते भट्टीवर गेले.

आता रोज सकाळी दुधाचे कॅन उतरवून झाले की विचारतात, "आज किती?" चारशेच्या वर गेलेत. कुठल्या देशातून आला ते मी वाचून सांगते. मग भट्टीवर सगळ्यांना कळतं की आज तुर्कस्तानातून आला. ब्राझील कुठं आहे ते मी त्यांना शाळेच्या नकाशावर दाखवलं आहे. सातवी शिकलेला माणूस, ब्रुसेला हे म्हशींपासून माणसाला होणाऱ्या त्या तापाच्या जंतूचं नाव डॉक्टरापेक्षा नीट म्हणतो. अशा माणसाला मी काय सांगू?

आणि तो पेपर एकट्या योगीराजचा नाही. सुया बघून पळणाऱ्या भट्टीवरच्या बायांना मी घरोघर जाऊन रक्त द्यायला तयार केलं होतं. सिताबाई म्हणाली होती, "बाई, माझ्या पोराला तुम्ही शिकवलंय, म्हणून देते. पर दोनच थेंब." तिनं बाटली भरेपर्यंत डोळे मिटून घेतले होते. पेपरच्या शेवटी आभार आहेत, ईटच्या भट्टीवरच्या बायांचे. ते वाक्य मी त्यांना मराठीत करून सांगितलं आहे.

ह्यांची तब्येत बरी आहे. काळजी नसावी.

लक्ष्मीबाई


ईट
२ फेब्रुवारी

प्रीती,

तुझं उत्तर वाचलं. रागाने वाचलं तेव्हा काही समजलं नाही. मग शाळेत नवा धडा शिकवण्याआधी वाचायचे तसं वाचलं.

मला समजलं ते लिहिते, चुकलं तर सांग. रक्तातल्या पेशी ओळखायला तुम्ही रंग लावता. योगीराजला ईटच्या रक्तात एका जातीच्या पेशी पुष्कळ दिसल्या, पुण्याच्या लोकांच्या रक्तात त्या थोड्या होत्या. म्हणून त्यानं म्हटलं की आयुष्यभर म्हशींत राहिलेल्या, गाभडून गर्भ टाकलेल्या म्हशीची वार हाताने काढणाऱ्या माणसांच्या अंगात या तापाची जुनी ओळख साठलेली असते, आणि तीच त्यांना सांभाळते. पण तो रंग मेलेल्या पेशींनाही चिकटतो. ईटचं रक्त जीपने पुण्याला जाईपर्यंत दिवस जायचा, ऊन असायचं, वाटेत पेशी मरायच्या. पुण्याचं रक्त ताजं असायचं. मेलेल्या पेशी बाजूला काढायची तुमची तेव्हाची रीत कच्ची होती. म्हणजे योगीराजने जे मोजलं ते आमच्या अंगातलं बळ नव्हतं. रस्त्यात मेलेलं होतं.

हे लिहून मी उठून गेले होते. आता परत बसले आहे.

पेट्यांत बर्फ मी भरत होते. मी न विचारताच तू लिहिलंस की त्याचा बर्फाशी संबंध नाही, बर्फ भरपूर असता तरी तेच झालं असतं. तू खरं बोलतेस असं धरून चालते.

तू म्हणतेस, तो असता तर त्यानेच पहिल्यांदा मागं घेतला असता. असेल. तू त्याच्यासोबत प्रयोगशाळेत होतीस, मी नव्हते. पण तो नाही. तो असता तर दुसरा पेपर लिहिता आला असता, हा खोडून त्यापेक्षा चांगला. जो गेला त्याच्या नावावर एवढंच आहे. बाकीचे त्याचे पेपर मी त्या पानावर पाहिले, कुणाला नऊ दाखले, कुणाला चौदा. लोकांनी त्याला या एकासाठी ओळखलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ह्यांची तब्येत बरी आहे. ती बरी नाही. दिवाळीपासून पाय सुजतात. झोपताना पाठीशी तीन उशा लागतात. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय पाव ताकदीने चाललंय, औषधाने थोडं ढकलू, पण वर्षाची भाषा करू नका. ह्यांना ते माहीत नाही, किंवा माहीत असून मला दाखवत नाहीत. भट्टीवर जाणं बंद आहे. कॅन उतरवल्याचा आवाज आतूनच ऐकतात आणि मग विचारतात, "आज किती?" त्यांच्या दिवसात तेवढीच एक गोष्ट उरली आहे.

तुमच्या लग्नाच्या वेळी गावाने ह्यांना काय काय ऐकवलं ते तुला पूर्ण कधीच सांगितलं नाही. बौद्धाची पोर घरात आणतोस म्हणून भावकीने दोन वर्षं जेवायला बोलावलं नाही. तरी हे स्वतः तेरला गेले, तुझ्या आईवडिलांशी, मालनबाई आणि गुलाबरावांशी बोलले, आणि परत येऊन मला म्हणाले, "पोरगी लई हुशार हाय, योग्याच्या चुका काढती." ते हसत होते. हे तुला भरीस घालायला लिहीत नाही. तसं वाटलं तर वाटू दे.

मी तुला पेपर मागं घेऊ नको असं आता म्हणत नाही. एवढंच मागते की थांब. तुझे मामा आहेत तोवर थांब. त्यांच्या मागे तुला जे करायचं ते कर, मी एक शब्द बोलणार नाही.

पुण्याच्या दवाखान्यात तू फोन त्याच्या तोंडाशी धरला होतास. करोनामुळे आम्हाला गावातून निघू देत नव्हते. त्याचा श्वास लागत होता, तरी म्हणाला, "आई, अण्णांना गर्दीत जाऊ देऊ नको." मी त्याचं तेवढंच एक काम अजून करते आहे. त्यांना सांभाळते.

लक्ष्मीबाई


ईट
१९ फेब्रुवारी

प्रीती,

तू मेअखेरपर्यंत थांबते म्हणालीस. सरांनाही कळवलंस. तुझ्यासाठी ते सोपं नसणार, हे तुझ्या तुटक ओळींवरून कळलं.

काल दाखला इराणमधून आला. हे म्हणाले, "तिकडं बी म्हशी असतील का?" मी म्हटलं, शेळ्या जास्त असतील. बराच वेळ खूश होते. दुपारी थोडं ताक घेतलं.

तुला कळवावंसं वाटलं.

लक्ष्मीबाई


ईट
११ मार्च

प्रीती,

आज विचारायचं आहे ते सरळ विचारते, आणि तू सरळ सांग.

रविवारी पुण्याच्या एका कंपनीची माणसं आली होती. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक लावली. मला मुद्दाम बोलावणं होतं, पुढची खुर्ची होती. भिंतीवर पडदा लावला आणि पहिलंच चित्र योगीराजचं आलं. तुमच्या घरातला तो फोटो, निळ्या शर्टातला. बायांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

त्यांना त्या तापावर लस काढायची आहे, माणसांसाठी. आपल्या तालुक्यातल्या भट्टीवरच्या आणि गोठ्यातल्या बायांना आधी टोचणार. त्यांचा डॉक्टर चांगला बोलत होता, तरुण होता. तो म्हणाला, "डॉ. योगीराज यांनी सिद्ध केलंय की तुमच्या शरीरात या जंतूची ओळख आधीपासून आहे. त्यामुळं जास्त ताकदीचा डोस तुम्हाला सहज सोसेल. जगात चारशे शास्त्रज्ञांनी हे काम मान्य केलंय." चारशे म्हणाला. आमचे दाखले.

मी खुर्चीवर बसून होते. तुझं पत्र मला पाठ होतं. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण घरी तीन उशांना टेकून हे वाट पाहत होते की लक्ष्मी येऊन सांगेल, पोराचं नाव कसं घेतलं.

बैठक उठल्यावर सिताबाईने मला दारात गाठलं. तिला गेल्या पावसाळ्यात तो ताप येऊन गेलाय, गुडघे अजून धरलेले आहेत. तिचा नवरा उत्तरेश्वर आधीच नाव देऊन आला होता.

ती म्हणाली, "बाई, घेऊ का? ते कागदावर लई काय काय लिव्हलंय, मला न्हाय कळत. पर योगीराजचं हाय म्हणल्यावर आमी डोळे झाकून घेऊ."

मी म्हटलं, "मला दोन दिवस दे."

"कशाला? तुमच्या पोराचंच औषध हाय की."

घरी आल्यावर ह्यांनी सगळं विचारून घेतलं. फोटो कुठला होता, टाळ्या पडल्या का. मी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

आता सांग. ती ओळख या बायांच्या अंगात नसेल, तर त्या जास्त ताकदीच्या डोसनं त्यांचं काय होईल? मी मास्तरीण आहे, मला अर्धं उत्तर देऊ नको.

लक्ष्मीबाई


ईट
१५ मार्च

प्रीती,

तू लिहिण्याची वाट न बघता फोन केलास, त्या दिवशी मी तुझ्याशी फार बोलू शकले नाही, पण ऐकलं सगळं. डोसनं कदाचित काही होणार नाही, कदाचित तोच ताप अंगात सोडल्यासारखा होईल, सांधे, मणके, कुणाचं हृदय. पोटुशी असेल तर मूल राहणार नाही. तू कंपनीला लिहिलंस तर त्यांनी कळवलं की पेपर छापलेला आहे आणि कुणी मागं घेतलेला नाही, त्यामुळे त्यांच्यापुरता तो खरा आहे. तू मला "मग मी काय करू, आत्या" असं विचारलं नाहीस. वचन दिलं होतंस म्हणून माझ्यावर सोडलंस.

थांबू नको. आजच पाठव.

मी इथं माझं काम करून आले. आधी सिताबाईकडे गेले. ती भट्टीवर होती, कढईपाशी. कढई उतरेपर्यंत थांबले आणि मग तिला आणि तिथल्या सगळ्याजणींना सांगितलं की सुई घेऊ नका, योगीराजच्या कामात चूक निघाली आहे, आणि ती प्रीतीनं शोधली आहे. माझा आवाज गेला नाही, याचं मला नवल वाटलं.

सिताबाई म्हणाली, "मग आमचं रगत वायाच गेलं म्हणा की."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

उत्तरेश्वर तिथंच लाकडं फोडत होता. तो म्हणाला, "चार वर्षं छाती फुगवून सांगत व्हते मामा. आता?" त्याला गप्प करायला बलभीम पुढं आला, मी त्याला मागं ओढलं.

ह्यांना बाहेरून कळायच्या आत मलाच सांगायचं होतं. तशीच घरी आले. हे जागे होते. मला वाटलं होतं काहीतरी आडून सांगेन, पण मला बघून त्यांनी विचारलं, "आज किती? सकाळी तू सांगितलंच न्हाईस."

मी त्यांच्या पायथ्याशी बसले आणि सगळं सांगितलं. मेलेल्या पेशींचं, रंगाचं, जीपचं, डोसचं. मुलांना भागाकार सांगायचे तसं एकेक पायरी सांगितली. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी पोरगं चुकलं."

"हो. फसवलं नाही कुणाला. चुकलं."

"त्याला ठावं व्हतं का?"

"नाही."

"जाईस्तवर न्हाय?"

"नाही. त्याला बरोबरच वाटत होतं."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बरं झालं. त्याला नगं कळायला." थोड्या वेळाने मोबाईल उशाखालून काढून माझ्याकडे दिला. "हे तिकडं ठेव. मला उजेड लागतो डोळ्याला."

मी तो कपाटात ठेवला आहे.

लक्ष्मीबाई


ईट
२० मे

प्रीती,

ह्यांच्या तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, मग पाहुणे गेले, मग मी नुसती बसून राहिले. म्हणून लिहायला उशीर झाला. तू निघते म्हणाली होतीस, मीच थांबवलं, कारण तू पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. तुझी आई आली होती. मालनबाई तीन दिवस राहिली, माझ्या शेजारी झोपली, आणि भाकरी करून मला खायलाच लावली.

एप्रिलच्या सुरुवातीला ती सूचना आली तेव्हा मी एकटीनेच पाहिली. पेपरच्या पानावर आडवी लाल पट्टी आली होती, मागं घेतला असं लिहिलेली. खाली तुझं आणि सरांचं नाव होतं, योगीराजच्या नावापुढे दिवंगत होतं. कारण चार ओळींत दिलं होतं, कुणाला दोष न देता. चांगलं लिहिलंस. शुद्धलेखन तपासावं तसं मी ते वाचलं. परवा पुन्हा एकदा ते पान उघडलं, तर आकडा तरीही वाढलेला होता. ज्याने दाखला दिला त्याला अजून कळलं नसेल. मी पान बंद केलं.

कंपनीने बैठका थांबवल्या आहेत. सिताबाईनं सुई घेतली नाही, कुणीच घेतली नाही. पण गावात बोलणं व्हायचं ते होतंच. काहीजण म्हणतात योगीराजनं फसवलं, काहीजण म्हणतात सून परदेशात जाऊन उलटली. मी शाळेत असते तर दोघांनाही बाकावर उभं केलं असतं. आता नुसतं ऐकते. भट्टीवर मी सगळं सांगितलं त्या दिवसापासून सिताबाई दूध घालायला येते, पण आत येऊन बसत नाही.

धम्मपालकडून मला एक कळलं, जे तू सांगितलं नाहीस. तिथली तुझी जागा त्या पेपरच्या बळावर होती. पेपर मागं घेतल्यावर त्यांनी तुझी मुदत वाढवली नाही. ऑगस्टमध्ये संपते. तू मला फोनवर सांगत होतीस की सगळं ठीक आहे, आणि मी तुला ह्यांच्याबद्दल तेच सांगत होते. जानेवारीत तू निरोप पाठवलास तेव्हाच तुला हे माहीत असणार. मी मात्र पत्रात जणू फक्त माझंच काही जातंय असं लिहीत होते.

आता तू विचारलंस त्याबद्दल. फोनवर दोनदा विचारलंस, "मामा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का?" आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला.

त्या दुपारनंतर ते महिनाभर होते. दुधाचे कॅन उतरायचे, मी वाट बघायचे, ते विचारायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "काही वाचून दाखवू का?" तर म्हणाले, "पेपरातलं हवामान वाच." मी हवामान वाचलं. भट्टीचं विचारायचे, बलभीम लाकूड ओलं घेतो म्हणून चिडायचे. औषध न बोलता घ्यायचे. मला वाटायचं, आज काहीतरी म्हणतील. शिव्या द्याव्यात असंही वाटायचं, तुला, मला, कुणालाही. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी म्हशीला पाणी दाखवलं का विचारलं. मी हो म्हणाले. मग कुशीवर वळले, आणि थोड्या वेळाने मला कळलं.

तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. योगीराजचंही घेतलं नाही.

पोरीनं बरोबर केलं असं म्हणाले, हे वाक्य मी मनात तयार केलं होतं. दोनदा कागदावर लिहिलं. त्यांच्या तोंडी शोभलंही असतं. तुला त्यानं आधार झाला असता, आणि आता ते तपासायला कुणी उरलेलं नाही. पण ते म्हणाले नाहीत, प्रीती. ते समजून गेले की मोडून गेले, ते मला त्यांच्याजवळ बसूनही कळलं नाही, आणि मी तुला कळल्याचं सोंग करून सांगणार नाही. तू आणि मी दोघींनी मिळून हे केलं. ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं, आणि तरी सकाळी कॅनचा आवाज आला की मी मागच्या दाराने बाहेर जाते.

ऑगस्टमध्ये ती जागा सुटली की इकडे ये. पुढं काय करायचं, कुठं अर्ज करायचा, ते इथं बसून ठरव. नाहीतर काहीच ठरवू नको. तेरला आधी गेलीस तरी चालेल, तुझ्या आईचा हक्क पहिला. मग माझ्याकडे ये. गावात लोक बघतील, तर बघू देत. मी फाट्यावर तुला घ्यायला येईन आणि आपण दोघी रस्त्याने चालत घरी येऊ.

आत्या